पायाळूचा गुडघा

माझा उजवा गुडघा मोडला तो शाळेच्या ऑफिसात, भर दुपारी. शाळेच्या दप्तरात मात्र "शिक्षक सायकलवरून पडले" अशी नोंद आहे. माझ्याकडे सायकल नव्हती. मला ती चालवताही येत नव्हती. ही नोंद करवून घेतली आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी. खरं काय घडलं ते त्यांच्याच तोंडून, चार माणसांदेखत ऐकायचं, एवढ्या एका इच्छेवर मी पुढचं जवळजवळ दीड वर्ष काढलं. गुडघा डॉक्टरांनी शिवला, पण मला उभं केलं ते या इच्छेनं. हे कबूल करायला मला आज संकोच वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबी गावाच्या बाजूच्या एका खेड्यातला. घरात शाळेत गेलेला पहिला मी, आणि पदवी घेतलेला आमच्या गावातलाही पहिला मीच. मला शिकवणाऱ्या, अकोल्याला वसतिगृहात घालणाऱ्या, जुनी पुस्तकं देणाऱ्या सगळ्या माणसांची नावं मी आजही सकाळी मनात घेतो. त्या यादीत एके काळी या अध्यक्षांचंही नाव होतं. मेहकर तालुक्यातल्या त्या गावात नवीन हायस्कूल निघालं होतं आणि विज्ञान शिकवायला त्यांनी पाच जणांतून मला निवडलं होतं.

नोकरी लागल्यावर वडील त्यांना भेटायला आले. पंधरा मैल चालून आले होते आणि धोतराच्या सोग्यात बोरं बांधून आणली होती. अध्यक्षांच्या ओसरीवर ते खाली बसले. उपकार कसे फेडावेत हे त्यांना कळेना. शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्यापाशी देवाले काई नाई. पन पोरगं पायाळू हाये. कधी उसण भरली त हाक मारजा."

मी शरमेनं मान खाली घातली. जन्मताना मी डोक्याऐवजी पायांनी आलो होतो. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि कमरेत उसण भरली की पायाळूनं पाठीला पाय लावावा, म्हणजे ती उतरते, असा समज आहे. लहानपणी मला याच कामासाठी कडेवर घेऊन घरोघर नेत. कळायला लागल्यापासून मी तो प्रकार बंद केला होता. नव्या गावात तर तो कुणाला कळूही द्यायचा नाही असं ठरवलं होतं. वडिलांनी कृतज्ञतेच्या भरात एका वाक्यात सगळं सांगून टाकलं.

श्रावणात अध्यक्षांना उसण भरली. ते मोठ्या अंगाचे होते. ऑफिसात आले ते टेबलाला धरून, अर्धे वाकलेले. मुख्याध्यापक मेहकरला गेले होते. मला वर्गातून बोलावणं आलं. गेलो तर ते सदरा वर करून भिंतीकडे तोंड करून उभे, आणि दाराशी शाळेचा म्हातारा शिपाई.

मी म्हणालो, "साहेब, यात काही तथ्य नाही. मेहकरहून डॉक्टर—"

"मास्तर, तुमचा बाप बोलला व्हता का नाई?"

"हो."

"मंग बापाले खोटं पाडता का? लावा पाय."

मी चप्पल काढली आणि पाठीला हलकेच पाऊल टेकवलं. सात वेळा टेकवायचं असतं.

"हे काय गोंजारून राह्यले? हाना जरा."

चौथ्या-पाचव्या खेपेला मी थोडा जोर लावला. त्यांना कळ आली असावी. ते गर्रकन वळले, माझा वर उचललेला पाय घोट्याशी धरला आणि तोल जाऊन सगळे माझ्यावर आले. मी खाली, माझा पाय आडवा, आणि त्यांचं सगळं वजन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर. आतून तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, मोडल्यासारखा आवाज झाला. तो मी ऐकला, शिपायानं ऐकला आणि त्यांनीही ऐकला.

मग ते उठले. सरळ उठले. कंबर मागे-पुढे करून पाहिली आणि म्हणाले, "मोकळं झालं. मास्तर, बाप खोटा नाई तुमचा."

मी जमिनीवर होतो. उठता येत नव्हतं.

"उठा ना. लेकरावानी काय पडून राह्यले?"

एवढं बोलून ते गेले. संध्याकाळी मुख्याध्यापक माझ्या खोलीवर आले आणि खाली पाहत म्हणाले, की अध्यक्ष दर पंधरा ऑगस्टला विज्ञानावर भाषण करतात, आणि शाळेच्या वेळेत, शाळेच्या ऑफिसात शिक्षकाकडून पाय लावून घेतला हे वर कळलं तर नव्या शाळेची मान्यता अडचणीत येईल. तेव्हा सायकल. शिपायालाही तसं सांगितलं होतं. त्या दोघांचा मला राग नाही. नोकरी माझ्यासारखीच त्यांनाही हवी होती.

मी राहायचो ती खोली एका भाजी पिकवणाऱ्या कुटुंबाच्या घराला लागून होती. मधे एकच भिंत. त्या घरातली बाई पन्नाशीची, विधवा. मुलगा आणि सून मळ्यातच राहत, ही एकटी गावातल्या घरात. मी तिला मावशी म्हणायचो. दर बाजाराला ती डोणगावला भाजी घेऊन जाई. पहिल्या रात्री तिनं हळद-चुना कालवून गुडघ्यावर थापला आणि विचारलं, "सायकल कोनाची व्हती मास्तर?"

मी गुडघ्यावरचा लेप पाहू लागलो.

"नसंन सांगाचं त नोका सांगू. पन सायकलीनं मानूस खरचटते. तुमाले त कुठी ओरखडा बी नाई."

सूज महिन्यानं उतरली, पण गुडघा माझा राहिला नाही. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळलो की तो आतल्या बाजूला सटके आणि मी टेबलावर पडे. मुलं आधी हसली, मग हसेनाशी झाली. मेहकरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जननी गुडघा हातात धरून एकदाच डावी-उजवीकडे हलवला आणि सांगितलं, की आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना धरून ठेवणारा पट्टा, तुटलाय. मांडीमागची एक शीर घेऊन तिथं बसवावी लागेल, आणि सहा आठवडे मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "कशानं झालं?"

मी म्हणालो, "सायकलवरून पडलो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाहेरून काहीतरी जड पडल्याशिवाय हे असं तुटत नाही."

"सायकलच," मी म्हणालो, आणि खाली सही केली.

त्या सहीनं माझा राग पक्का झाला. तोवर खोटं त्यांचं होतं. आता ते माझ्या अक्षरात होतं. आमच्या घराण्यातल्या पहिल्या सही करणाऱ्या माणसानं, नोकरीच्या भीतीनं, ज्यानं पाय मोडला त्याच्या बाजूनं सही केली होती. नागपूरहून परत येताना गाडीत मी शपथ घेतली. देवाची घेतली नाही, त्या गुडघ्याचीच घेतली.

ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं. वडील म्हणाले, प्लास्टर घालून गावी चल. पण आमच्या गावाला मोटर जात नव्हती. शेवटचे तीन कोस बैलगाडीची वाट आणि मधे नदी. आई नव्हती. वडिलांना ज्वारीची राखण होती. आणि खरं कारण वेगळंच होतं. मी ते गाव सोडलं असतं तर सायकलच खरी ठरली असती. मला अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर लंगडत राहायचं होतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एकट्यानं राहायची तयारी केली. ज्याचा एक पाय दोन महिने काठीसारखा ताठ राहणार आहे त्याला काय काय करता येणार नाही, याचा मी प्रयोगशाळेतल्यासारखा विचार केला. उजव्या पायाला दोन लाकडी पट्ट्या बांधून मी खोलीत दोन दिवस वावरलो आणि जे जे अडलं ते टिपून ठेवलं. उकिडवं बसता येणार नाही, म्हणजे चूल बंद. वातीचा स्टो टेबलावर चढवला. माठ खाली ठेवून चालणार नाही. तो तिपाईवर आला. खाटेखाली विटा घालून ती उंच केली. आढ्याला जाड दोर बांधला, उठताना धरायला. सगळ्यात अवघड गोष्ट संडासाची. गावात सगळे टमरेल घेऊन बाहेर जायचे. ताठ पायानं ते अशक्य होतं. सुताराकडून मधे भोक असलेली खुर्ची करून घेतली, परसात खड्डा खणवला, तुऱ्हाट्यांचा आडोसा केला. तोच सुतार बाभळीच्या कुबड्याही करत होता. खुर्ची ठोकताना म्हणाला, "मास्तर, आजवर खुर्चीसाठी लोकाईले भांडताना पाह्यलं. अशा खुर्चीले कोनी भांडनार नाई."

"अध्यक्षांना दाखवा," मी म्हणालो.

तो हातोडी थांबवून माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मला जाणवलं की माझ्या बोलण्यात आता तेवढंच येतं.

ऑपरेशन झालं. नागपूरच्या त्या डॉक्टरांनी आणि वॉर्डातल्या नर्सबाईंनी मला जे दिलं त्याचं ऋण माझ्यावर आहे. त्यांनी कधी माझं गाव, घर, शिक्षण विचारून आवाज बदलला नाही. वडिलांनी मला परत आणून खोलीत टेकवलं आणि चौथ्या दिवशी ते गावी गेले.

प्लास्टरमधला माणूस फार विचार करतो. आतून खाज सुटायची, तिथं छत्रीची काडी घालून खाजवायचं आणि अध्यक्षांचा विचार करायचा, असा माझा दिनक्रम होता. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहायचा, हे मनात शंभरदा लिहून झालं. पहिल्या मसुद्यात मी नम्र होतो. विसाव्या मसुद्यात त्यांची शाळा, पत आणि अध्यक्षपद सगळं गेलेलं असे आणि ते माझ्या दारात उभे असत. प्रत्यक्षात कागद घेतला की हात थांबे. नागपूरच्या कागदावर माझीच सही होती.

मावशी दोन वेळा भाकर आणि भाजी आणून द्यायची. वांगं, मेथी, कधी नुसता ठेचा. मी स्टोवर भात शिजवतो म्हटलं तरी ऐकायची नाही. "तुमचा भात म्या खाल्ला नाई, पन वास आला," म्हणायची.

एकदा दुपारी गल्लीतून चपलांचा आवाज आला. अध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत गावातली तीन-चार माणसं. माझं दार उघडं होतं आणि पाय समोर उशीवर. ते आत आले नाहीत. रस्त्यावरूनच म्हणाले, "काय मास्तर, सायकल सोडली का नाई आता?"

सोबतचे हसले.

"सोडली साहेब," मी म्हणालो.

"बरं केलं. ज्याचं काम त्यानंच करावं."

ते पुढे गेले. मावशी तिच्या दारात मेथी निवडत बसली होती. तिनं जुडी खाली ठेवली आणि भिंतीपलीकडून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात, त्यांच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांचा उद्धार केला. मग माझ्या दारात येऊन उभी राहिली. "आता सांगता का?"

मी तिला सगळं सांगितलं. पायाळू असल्याचंही. ती खाली बसून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "इतके दिस भिंतीपल्याड पायाळू, आन मी कंबर धरून फिरतो."

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो माझा वाटेना. मांडी मनगटाएवढी आणि गुडघा लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, शिवणं माझं काम होतं, वाकवणं तुमचं. खाटेवर बसून पाय खाली सोडायचा, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची आणि वाकवायचा. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पन्नास. पहिल्या आठवड्यात बोटभर वाकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मोजताना मी विसाच्या पुढे जाऊ शकत नव्हतो. मग आकड्यांऐवजी मी एकेका वाकण्याला एक शिवी घेऊ लागलो. मला फार येत नव्हत्या, मास्तर होतो. मावशीच्या येत होत्या, त्या भिंतीपलीकडून ऐकून शिकलो. "मुर्दा बसला त्याचा" या एका शिवीवर काटकोनापर्यंत पोचलो. ज्या माणसाला आपल्या शत्रूला क्षमा करायची असेल त्यानं हा व्यायाम करू नये. गुडघा वाकणार नाही.

जूनमध्ये शाळेत रुजू झालो तो काठी न घेता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं, आणि शाळेच्या इमारतीविषयी बोलू लागले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. कसा आहे पाय, एवढं एक वाक्य त्यांनी विचारलं असतं तर माझं निम्मं वैर तिथंच संपलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

पौषात त्यांना परत उसण भरली. दोन दिवसांवर नव्या इमारतीच्या पायाभरणीचा समारंभ होता. जिल्ह्याहून पाहुणे येणार होते, त्यांना हार घालायचा होता, आणि अध्यक्षांना मान वर करता येत नव्हती. आधी शिपाई आला. मी सांगितलं, मला येता येणार नाही. मग सकाळी दहाच्या सुमाराला त्यांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, माझ्या दाराशी थांबली. दोन माणसांनी धरून उतरवलं. गल्लीतले आणखी सात-आठ जण गोळा झाले. मावशी तिच्या दारात होतीच.

अध्यक्ष काही न बोलता माझ्या ओट्यावर पालथे झाले. कपाळ दगडावर टेकवून म्हणाले, "मास्तर, लावा पाय. जल्दी करा."

मी त्यांच्या त्या रुंद पाठीकडे पाहत उभा राहिलो. वर्षभर हीच पाठ मनात होती. लाथ घालावी असं क्षणभर वाटलंही, पण त्यात माझाच पाय जाणार होता. मग तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"साहेब, आता नाही चालत. त्या पायातली शीर तुटली. डॉक्टरांनी ती कापून दुसरी घातली. पायाळूपण गेलं."

एक म्हातारा हळूच म्हणाला, "गेलं?"

"गेलं."

विज्ञानाचा शिक्षक मी. ज्यात काहीच नव्हतं ते गेलं असं सांगत होतो आणि सगळे मान हलवत होते. एकटे अध्यक्ष पालथ्यानंच ओरडले. "काऊन गेलं? असं कुठी जाते का? म्या फकस्त पाय धरला व्हता! तोल गेला माहा आन पडलो तुमच्यावर, त्यानं काय पायाळूपन जाते?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला, ती होईना.

मावशी तिच्या दारातून म्हणाली, "म्हंजे सायकल नव्हती म्हना की."

हेच वाक्य ऐकायला मी जवळजवळ दीड वर्ष थांबलो होतो. मला वाटलं होतं, ऐकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट आणखी हवंसं वाटलं. त्यांना दोघांनी उचलून दमणीत घातलं, तेव्हा मी दार लावलं नाही. ते पूर्ण बसेपर्यंत पाहत राहिलो.

आणि जे आणखी हवं होतं ते मला मिळतही गेलं, पण मी मागितलं होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणानं. माझा गुडघा मोडला याचं गावाला फारसं काही वाटलं नव्हतं, आताही वाटलं नाही. गावचा पायाळू मोडला याचा मात्र भयंकर राग आला. असा माणूस आपल्यात आहे हे बहुतेकांना त्याच दिवशी कळलं आणि तो अध्यक्षांनी निकामी केला हेही त्याच दिवशी. पायाभरणीला ते वाकलेल्या कमरेनं उभे होते आणि मागून कुणीतरी बोललं, "घे आता." पाच-सहा दिवसांनी त्यांची उसण आपोआप उतरली. लोकांची उतरली नाही. कापूस वेचताना कुणाची कंबर धरली, विहिरीवर कुणाला लचक भरली, की नाव त्यांचं निघे. शिपायानं एकदा दप्तर माझ्यासमोर उघडून ती सायकलची ओळ दाखवली. मुख्याध्यापकांनी तिच्यावर आडवी रेघ मारली होती. वर काही लिहिलं नव्हतं.

मी सुखात होतो. पाय लावायला आलेल्या प्रत्येकाला हात जोडून परत पाठवत होतो. एक सोडून सगळे मुकाट्यानं गेले.

माघात एका सकाळी मावशी भिंत धरत माझ्या दारात आली. कांद्याला पाणी देताना तिला उसण भरली होती. ओट्यावर बसताही येईना.

"मास्तर, उजवा गेला. डावा त हाये ना?"

याचा मी विचारच केला नव्हता. डावा पाय लावला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दमणी दाराशी उभी राहिली असती. डावा पाय चालतो म्हटल्यावर अध्यक्षांनी गावाचं काहीच बिघडवलं नाही असं झालं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं. जिनं मला दोन महिने दोन वेळा खाऊ घातलं ती समोर वाकून उभी होती, आणि मी म्हणालो, "मावशी, जन्मताना माझा उजवाच पाय आधी आला होता. डाव्यात काही नाही."

ती माझ्याकडे खालून, मान तिरपी करून पाहत राहिली. "बरं," म्हणाली आणि भिंत धरत गेली.

तीन दिवस भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. दोन्ही वेळा भाकर मात्र आली, सुनेच्या हातची. चौथ्या दिवशी सकाळी मी परसातून तिच्या घरात गेलो. ती कुशीवर पडली होती. मी म्हणालो, "मावशी, डावा लावतो. मी खोटं बोललो."

"मले त्याच दिवशी समजलं. म्या या गावात लय बाळंतपनं केले मास्तर. पायाळू लेकराचा आधी कोनता पाय आला हे त्याच्या मायले बी सांगता येत नाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाले त्या मेल्याले तसाच ठिवाचा हाये ना? मंग ठिवा. आज तुमी पाय लावला आन मी सरळ उभी राह्यलो, त लोक इचारतीन. माह्या तोंडात काई राहत नाई, तुमाले मालूम हाये." मग कळ जिरेपर्यंत थांबली. "पाय राहू द्या. आज बाजार हाये. वांगे तोडून पडले हायेत. सुनेचं लेकरू तापानं फणफणते. तेवढं पाहान का?"

रविवार होता, शाळेला सुट्टी होती. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून मी तिच्या कमरेशी ठेवली. दोन पाट्या वांगी मोटरीच्या टपावर चढवली आणि डोणगावच्या बाजारात गेलो. वाकून पाटी उचलताना शिवलेला गुडघा पहिल्यांदाच पूर्ण ओझ्याला लागला आणि टिकला. भाजीच्या ओळीत सगळे मांडी घालून बसतात. मला बसता येत नव्हतं, म्हणून मी उभ्यानंच विकत होतो. धोतर, कोट, हातात तराजू. ओळखीची माणसं थांबून पाहत होती. बी.एस्सी. झालेला मास्तर वांगी विकतोय हे पाहायला हळूहळू बरीच जमली.

अकराच्या सुमाराला अध्यक्ष आडतीकडून आले. त्यांचं बाजारात नेहमी काम असायचं. गर्दी पाहून त्यांनी वाट काढली आणि मी दिसताच थबकले.

"मास्तर? हे काय सोंग?"

मी तराजू खाली ठेवला. आवाज वर्गातला काढला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"मावशीला उसण भरलीय साहेब. चार दिवस झाले, उठता येत नाही. गावात पायाळू राहिला नाही ना. म्हणून तिची वांगी मी विकतोय."

कुणीतरी खाकरलं. शेजारी कोथिंबीर विकणारी बाई अध्यक्षांकडे पाहून पदर सावरत दुसरीकडे तोंड करून बसली. आमच्या गावचे दोघे-तिघे होते, ते हटले नाहीत. अध्यक्षांना जायला वाट हवी होती, ती कुणी दिली नाही.

मग ते म्हणाले, "दोन किलो द्या."

"निवडून घ्या," मी म्हणालो. "पाटी खालीच आहे."

मला उचलून देता आली असती. मी हललो नाही. ते वांगी निवडायला खाली वाकले. मी त्यांचा हात पाहत होतो. अर्ध्यावर आले तेव्हा तो कमरेवर गेला.